पीतबिंदूचा ऱ्हास : एक डोळा झाकल्यावर कळणारा आजार

डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मधोमध सुमारे साडेपाच मिलिमीटर व्यासाचा एक पिवळसर भाग असतो. त्याला पीतबिंदू किंवा मॅक्युला म्हणतात. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे, नोटेवरचा आकडा पाहणे ही बारीक नजरेची सगळी कामे एवढासा हा भाग करतो. त्याच्याही मध्यभागी दीड मिलिमीटरचा एक खळगा आहे आणि रंग व तपशील टिपणाऱ्या शंकुपेशींची सर्वांत जास्त दाटी तिथे असते. पडद्याचा बाकीचा विस्तार कडेचे, हालचालीचे आणि अंधारातले पाहण्यासाठी आहे. पन्नाशीनंतर काही जणांच्या पीतबिंदूची झीज सुरू होते आणि सत्तरीनंतर असे होण्याचे प्रमाण झपाट्याने वाढते. वयोपरत्वे होणाऱ्या या ऱ्हासाला डोळ्यांचे डॉक्टर 'एएमडी' म्हणतात. दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसलेली मंडळी मात्र 'पडद्याचा आजार' एवढेच म्हणतात.

मराठीत डोळ्याशी निगडित तीन शब्दांना 'बिंदू' लागतो आणि घोटाळ्याला सुरुवात तिथूनच होते. मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले भिंग गढूळ होणे. ते बदलले की पुन्हा दिसू लागते. काचबिंदूत डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची हानी होते आणि नजर बहुधा कडेकडून आत आटत येते. पीतबिंदू हे मुळात रोगाचे नावच नाही, तो डोळ्याचा भाग आहे. त्याच्या ऱ्हासात नजर मधून जाते आणि कडेची शाबूत राहते. म्हणून एएमडीने माणूस ठार आंधळा होत नाही. तो घरात व्यवस्थित वावरतो, उंबऱ्याला अडखळत नाही, दारातून कोणी आत आले तर त्याला कळते. आलेला माणूस कोण हे मात्र तो बोलेपर्यंत ओळखू येत नाही.

ताटात तांदूळ निवडायला बसलेल्या आजींना ताटाच्या कडेचा काळा खडा दिसतो. बोट तिकडे नेऊन नजर त्यावर रोखली की खडा नाहीसा होतो, आणि नजर जरा बाजूला सरली की परत हजर. घरच्यांना हे कोडेच वाटते. कोपऱ्यातून गेलेली मांजर दिसते आणि हातातला पेपर दिसत नाही, हे कसे? अशा माणसावर सोंग केल्याचा आरोपही होतो. खरे तर हे वर्णन जसेच्या तसे डॉक्टरांना सांगितले, तरी निदानाची निम्मी वाट सरते.

आजार नवा नाही. ओटो हाब या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८८५ मध्ये त्याला 'म्हातारपणचा मॅक्युला ऱ्हास' अशा अर्थाचे नाव दिले. पण लोक पुरेसे म्हातारे होऊ लागले तेव्हाच तो ठळकपणे दिसू लागला. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगात सुमारे १९ कोटी ६० लाख लोकांना या आजाराची कोणती ना कोणती अवस्था असणार होती, आणि २०४० पर्यंत हा आकडा २८ कोटी ८० लाखांवर जाईल असे त्यात म्हटले होते. भारतात उत्तर व दक्षिणेत झालेल्या 'इंडआय' पाहणीत साठीपुढच्या सुमारे १.२ टक्के लोकांत पुढची, नजर हिरावणारी अवस्था आढळली. टक्का छोटा वाटतो. पण देशातल्या साठीपुढच्यांची संख्या कोटींमध्ये मोजावी लागते, हे विसरून चालणार नाही.

झीज नेमकी कशाची होते, हे समजण्यासाठी पडद्याच्या मागे डोकवावे लागते. प्रकाश टिपणाऱ्या पेशींच्या मागे रंगद्रव्याने भरलेल्या पेशींचा एकच थर असतो. त्यामागे ब्रुक या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाची पातळ चाळणी, आणि तिच्याही मागे रक्तवाहिन्यांचे दाट जाळे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी रोज आपल्या टोकाचा काही भाग टाकून देतात. मागचा रंगद्रव्याचा थर तो गिळतो, पचवतो आणि उरलेला गाळ चाळणीतून रक्तात सोडून देतो. घरातल्या मोरीसारखेच हे काम, रोजचे आणि न दिसणारे. वयाबरोबर पचवण्याची ताकद कमी होते, चाळणी जाड व तेलकट होते आणि गाळ तिथेच साचू लागतो. पडद्याच्या तपासणीत हा गाळ पिवळसर ठिपक्यांच्या रूपात दिसतो. या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात. अगदी बारीक ठिपके वाढत्या वयात पुष्कळांना असतात आणि ते आजारात धरत नाहीत. ६३ मायक्रॉनपेक्षा मोठे ठिपके ही सुरुवात असते. १२५ मायक्रॉन किंवा त्याहून मोठे ठिपके, किंवा मध्यम ठिपक्यांच्या जोडीने रंगद्रव्यातले बदल, ही मधली अवस्था. इथवर बहुतेकांची नजर चांगली असते. एखाद्याला उन्हातून माजघरात आल्यावर डोळे सरावायला पूर्वीपेक्षा बराच वेळ लागतो, किंवा वाचायला पूर्वीपेक्षा जास्त उजेड लागतो, इतकेच.

त्यापुढे दोन वाटा फुटतात. पहिली कोरडी. रंगद्रव्याच्या थरातल्या पेशी ठिकठिकाणी मरतात, त्यांच्या आधाराने जगणाऱ्या प्रकाशपेशीही जातात आणि पडद्यावर नकाशातल्या बेटांसारखे विरळ चट्टे पडतात. हे वर्षानुवर्षे हळूहळू चालते. दुसरी वाट ओली. ऑक्सिजनला आसुसलेला पडदा 'व्हेजेफ' नावाचे रसायन सोडतो आणि त्याच्या हाकेला ओ देऊन मागच्या जाळ्यातून नव्या रक्तवाहिन्या चाळणी फोडून वर येतात. या वाहिन्या कच्च्या असतात. त्यांतून पाणी झिरपते, रक्त सांडते, पडदा फुगतो, आणि उपचार झाले नाहीत तर शेवटी तिथे व्रण धरतो. रुग्णांपैकी दहातल्या साधारण नऊ जणांना कोरडा प्रकार असतो. ओला दहातल्या एकाला, पण इंजेक्शने येण्यापूर्वी गंभीर दृष्टिनाशाचा फार मोठा वाटा त्याच्याच नावावर होता. कोरड्याचा ओला कधीही होऊ शकतो आणि तो बदल काही दिवसांत किंवा आठवड्यांत होतो.

या 'कोरडा' आणि 'ओला' शब्दांनी बरेच गैरसमज केले आहेत. ओला म्हणजे डोळ्यातून पाणी येणे नव्हे आणि कोरडा म्हणजे डोळ्यांची आग होणेही नव्हे. 'ड्राय एएमडी' हे शब्द कानावर पडलेला माणूस औषधाच्या दुकानातून डोळे ओले ठेवणारे थेंब आणतो आणि समाधानाने घालत राहतो. डोळ्यांच्या कोरडेपणावर ते उत्तम आहेत, पण पडद्यापर्यंत त्यांचा काही संबंध पोहोचत नाही.

आजार उशिरा कळतो त्याचे मुख्य कारण डोळे दोन आहेत हे आहे. एका डोळ्याचा मध्य गेला तरी दुसरा ते काम निमूटपणे उचलतो आणि मेंदू दोन चित्रांतले चांगले तेवढे ठेवतो. कितीतरी रुग्णांना आपला एक डोळा गेल्याचे योगायोगाने कळते. चष्मा पुसताना, डोळ्यात कचरा गेला म्हणून एक डोळा चोळताना, किंवा उशीवर कुशीला पडून टीव्ही पाहताना एक डोळा झाकला जातो आणि पडद्यावरच्या बातमीदाराचे तोंडच गायब झालेले असते. त्यातही 'वय झालं', 'नंबर वाढला असेल', 'मोतीबिंदू पिकतोय' ही तीन वाक्ये प्रत्येक घरात तयार असतात. तिसरे सर्वांत घातक. मोतीबिंदू पिकायची वाट पाहण्यात गेलेले सहा महिने ओल्या एएमडीत परत मिळत नाहीत.

उपाय फुकटचा आहे. एक डोळा झाकायचा आणि दुसऱ्याने सरळ रेघांकडे पाहायचे. मार्क ॲम्सलर या स्विस नेत्रतज्ज्ञाने गेल्या शतकाच्या चाळिशीच्या दशकात याचा तक्ता रूढ केला. दहा सेंटिमीटरचा चौरस, त्यात पाच-पाच मिलिमीटरचे चारशे चौकोन आणि मधोमध एक ठिपका. वाचायचा चष्मा लावून, साधारण फूटभर अंतरावर, चांगल्या उजेडात तक्ता धरायचा. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकायचा, पण दाबायचा नाही. दाबला तर नंतर त्याच्यातून थोडा वेळ अंधुक दिसते आणि उगाच धास्ती बसते. नजर ठिपक्यावर ठेवायची, हलवायची नाही. चारही कोपरे दिसतात का, एखादी रेघ वाकडी, लाटेसारखी किंवा तुटकी दिसते का, कुठे डाग किंवा भोक आहे का, हे पाहायचे. मग दुसरा डोळा.

तक्ता नसेल तर शाळकरी नातवंडाची गणिताची चौकटीची वही चालते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे चौकोन, न्हाणीघरातल्या फरश्यांच्या सांधी, खिडकीचे गज, दाराची चौकट, समोरच्या इमारतीच्या कडा यांतले काहीही चालते. गज पोट आल्यासारखे फुगीर दिसू लागले, तर गंज गजाला लागलेला नाही! पडद्याखाली पाणी साचून प्रकाशपेशींची जमीन उंचसखल झाली की सरळ रेघ वाकते. वाकडी रेघ हे ओल्या प्रकाराचे सर्वांत बोलके लक्षण आहे आणि ते नव्याने दिसले तर पुढच्या महिन्यातली तारीख घेऊन थांबायचे नाही, त्याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे जायचे. मात्र या घरगुती परीक्षेवर विसंबून तपासणी टाळू नये. छोटे भोक मेंदू आजूबाजूच्या रेघांनी बेमालूम भरून काढतो आणि तक्ता निर्दोष वाटतो.

दवाखान्यातल्या तपासणीची सुरुवात अक्षरांच्या तक्त्याने होते. तिथेही एकेक डोळा वेगळा तपासतात. मग बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहतात. चार-पाच तास जवळचे धूसर दिसते, उजेड टोचतो, त्यामुळे सोबत कोणीतरी असावे आणि स्कूटर घरी ठेवावी. हे थेंब न घालता केवळ बॅटरीच्या उजेडात झालेली तपासणी मोतीबिंदूसाठी पुरेशी ठरते, पीतबिंदूसाठी नाही. गावोगावच्या नेत्रशिबिरांनी मोतीबिंदूचे अंधत्व घटवण्यात मोठे काम केले आहे. देशाचा अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे आणि त्याचा भर साहजिकच मोतीबिंदूवर राहिला. पण 'शिबिरात डोळे तपासले, मोतीबिंदू नाही म्हणाले' याचा अर्थ 'पडदा ठीक आहे' असा घेतला जातो, आणि तो चुकीचा आहे.

निदानाचा आजचा मुख्य आधार म्हणजे ओसीटी. सोनोग्राफीत आवाजाच्या परावर्तनातून चित्र बनते, इथे प्रकाशाच्या. हनुवटी टेकवून समोरच्या खुणेकडे पाहायचे, इतकेच काम रुग्णाला असते. डोळ्याला काही लागत नाही आणि दोन-तीन मिनिटांत पडद्याचा उभा छेद संगणकावर उमटतो. केकचा काप बाजूने पाहावा तसे थर दिसतात. ड्रुसेनचे उंचवटे, पडद्यातले पाणी, पडद्याखालचे पाणी सगळे काही मायक्रॉनच्या तपशिलात. हे तंत्र अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या संशोधकांनी १९९१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले आणि पंधरा-वीस वर्षांत त्याने पडद्याच्या आजारांची भाषाच बदलून टाकली. आज रुग्णही फाइल उघडून 'पाणी किती उतरलं' हे करड्या चित्रात बोट ठेवून विचारतात.

त्याआधीची मुख्य तपासणी म्हणजे रंगाची. हाताच्या शिरेतून फ्लुओरेसिन हे पिवळे-नारिंगी द्रव्य देतात आणि ते डोळ्याच्या वाहिन्यांतून फिरताना छायाचित्रे काढतात. गळकी वाहिनी चमकून दिसते. इंडियाना विद्यापीठातल्या नोव्होटनी आणि अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही पद्धत बसवली आणि १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. पहिले इंजेक्शन कोणी घ्यायचे हे ठरवायला त्यांनी नाणे उडवले आणि अल्विस हरला, असे सांगतात. आजही निदान संदिग्ध असेल तेव्हा ही तपासणी करतात. नंतर दिवसभर कातडी पिवळसर आणि लघवी गडद पिवळी होते. हे आधी सांगितले नाही तर घरी कावीळ झाल्याचा गोंधळ उडतो. भारतासह आशियात ओल्या आजाराचा एक उपप्रकार बऱ्याच जणांत आढळतो. त्यात वाहिन्यांना द्राक्षासारखे फुगवटे येतात. ते शोधायला इंडोसायनिन ग्रीन हा वेगळा हिरवा रंग लागतो, आणि ते शोधणे गरजेचे असते, कारण त्यांच्यावर कधी कधी इंजेक्शनच्या जोडीने विशिष्ट लेझरचाही उपयोग होतो.

ओल्या प्रकारावरच्या उपचाराची गोष्ट मुळातून सांगण्यासारखी आहे. २००० पर्यंत हातात होते ते लेझरने वाहिनी जाळणे, आणि वाहिनीबरोबर वरचा पडदाही जळे. कॅलिफोर्नियातल्या जेनेन्टेक कंपनीत नेपोलिओन फेरारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये व्हेजेफ हे रसायन वेगळे काढले होते. त्याला जखडणारे बेव्हासिझुमॅब हे औषध, म्हणजे ॲव्हास्टिन, २००४ मध्ये अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झाले. गाठींना रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या ते रोखते. डोळ्यासाठी त्याचेच आटोपशीर भावंड रॅनिबिझुमॅब तयार होत होते. दरम्यान मायामीतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये ॲव्हास्टिनचाच अगदी लहानसा डोस डोळ्यात टोचून पाहिला आणि पडद्यातले पाणी उतरले. २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब आले. त्याच्या 'मरिना' या मोठ्या चाचणीत वर्षभरानंतर सुमारे ९५ टक्के रुग्णांची नजर टिकली आणि साधारण एक तृतीयांश जणांना तक्त्यावरची पंधरा किंवा अधिक अक्षरे जास्त वाचता येऊ लागली. केवळ नजर जाण्याचा वेग मोजायची सवय झालेल्या शाखेला हे नवलच होते.

प्रश्न पैशांचा होता. अमेरिकेत रॅनिबिझुमॅबचा एक डोस सुमारे दोन हजार डॉलरचा, ॲव्हास्टिनचा पन्नासच्या आसपास. दोन्ही एकाच कंपनीची असल्याने समोरासमोर तुलना करण्यात कंपनीला रस असण्याचे कारण नव्हते. अखेर सरकारी पैशातून 'कॅट' ही चाचणी झाली आणि २०११ मध्ये तिने सांगितले की नजर राखण्यात दोन्ही औषधे तुल्यबळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने बेव्हासिझुमॅबला डोळ्यासाठीच्या अत्यावश्यक औषधांत स्थान दिले. भारतात कितीतरी डोळे याच औषधाने वाचले. अडचण एवढीच की कर्करोगाच्या मोठ्या कुपीतून डोळ्याचे छोटे डोस वेगळे भरावे लागतात आणि त्यात निर्जंतुकतेची ढिलाई झाली तर एकाच दिवशी अनेक डोळे धोक्यात येतात. अशा घटनेनंतर २०१६ च्या सुरुवातीला भारताच्या औषध महानियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला आणि नेत्रतज्ज्ञांनी बाजू मांडल्यावर तो काही आठवड्यांतच मागे घेतला. त्याआधी, २०१५ मध्ये, भारतात रॅनिबिझुमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती 'रझुमॅब' या नावाने मंजूर झाली होती. पुढे अफ्लिबरसेप्ट, ब्रोलुसिझुमॅब, फॅरिसिमॅब अशी औषधे येत गेली. नव्या औषधांचा मुख्य दावा जास्त नजर मिळण्याचा नसून दोन इंजेक्शनांतले अंतर वाढण्याचा आहे.

डोळ्यात सुई, हे ऐकूनच अनेक जण उठून घरी जातात. प्रत्यक्षात काम दहा मिनिटांचे असते. डोळा बधिर करणारे थेंब, मग पोव्हिडोन आयोडीनने धुणे. हे तपकिरी द्रव्य जळजळते, आणि बहुतेकांना सुईपेक्षा तेच जास्त लक्षात राहते. पापण्या उघड्या ठेवायला एक चाप लावतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसाएवढ्या सुईने ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब, औषध आत जाते. वर पाहा, खाली पाहा, झाले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या भागावर लालभडक डाग दिसला तर घाबरायचे नाही, ते वरवरचे रक्त आठवडाभरात जिरते. नजरेत काळे बुडबुडे फिरले तर तेही एक-दोन दिवसांत जातात. घाबरायचे ते वेगळ्या गोष्टीला. पुढच्या आठवड्यात डोळा दुखू लागला, लाली वाढत गेली, नजर उतरत गेली, तर आत जंतूंचा शिरकाव झालेला असू शकतो. काही हजार इंजेक्शनांत एखाद्या वेळी हे घडते, पण घडले तर तासांचा हिशेब असतो. रात्र आहे, रविवार आहे, डॉक्टरांना कशाला त्रास, हा संकोच इथे परवडणारा नाही. नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होऊन गेला असेल तर तेही इंजेक्शनआधी सांगावे.

सर्वांत अवघड गोष्ट सुईची नाही, वेळापत्रकाची आहे. सुरुवातीला दर महिन्याला एक अशी बहुधा तीन इंजेक्शने, मग ओसीटी पाहून अंतर वाढवत नेणे. सहा आठवडे, आठ, दहा, काहींना बारा किंवा सोळा. पाणी परत दिसले की अंतर पुन्हा कमी. औषध डोळ्यात फार काळ टिकत नाही आणि व्हेजेफ बनवणारा पडदा तर थांबत नाही. त्यामुळे हे प्रतिजैविकाच्या कोर्ससारखे संपणारे प्रकरण नव्हे, रक्तदाबाच्या गोळीसारखे चालू राहणारे आहे. तीन इंजेक्शनांनंतर 'काही फरक नाही' म्हणून रुग्ण येणे बंद करतात, तेव्हा खरे तर आहे ती नजर टिकलेली असते आणि तोच फरक असतो. चाचण्यांत दिसलेले यश रोजच्या व्यवहारात कमी भरते, त्याचे मोठे कारण चुकलेल्या खेपा हेच आहे. पडद्याचे तज्ज्ञ आणि ओसीटी यंत्रे मुख्यतः मोठ्या शहरांत. तालुक्याहून पुण्याला किंवा नागपूरला दर महिन्याला न्यायला मुलाला रजा काढावी लागते, बाहुली मोठी केल्यामुळे म्हातारे माणूस एकटे परतू शकत नाही, आणि खर्चात औषधाइतकेच हे येणे-जाणेही मोजावे लागते. उपचार सुरू करतानाच वर्षभराचा असा हिशेब डॉक्टरांशी बोलून मांडला आणि परवडणारे औषध निवडले, तर मध्येच सोडण्याची वेळ कमी येते.

कोरड्या प्रकाराला अशी जोरकस सुई नाही. अमेरिकेच्या नॅशनल आय इन्स्टिट्यूटने केलेल्या 'एरेड्स' अभ्यासाने २००१ मध्ये दाखवले की मधल्या अवस्थेत, किंवा एका डोळ्यात पुढची अवस्था आलेली असताना, क आणि ई जीवनसत्त्व, जस्त, तांबे आणि बीटा कॅरोटीन यांच्या ठरावीक मोठ्या मात्रेने पुढच्या अवस्थेत जाण्याचा धोका सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतो. पण बीटा कॅरोटीनमुळे धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण वाढते हे आधीच्या अभ्यासांत दिसले होते. २०१३ मधल्या 'एरेड्स-२' नंतर त्याच्या जागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झियाझँथिन आले. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ ची भर घालून जास्तीचा फायदा दिसला नाही. या गोळ्या प्रत्येक म्हाताऱ्याने घ्यायच्या नाहीत. निरोगी डोळ्यात किंवा सुरुवातीच्या अवस्थेत त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही. काही बाटल्यांवर 'डोळ्यांचे टॉनिक' असे लिहिलेले असते आणि आत मात्रा निम्मीच असते, हेही वाचून पाहावे.

पडद्यावर चट्टे वाढण्याचा वेग थोडा मंदावणारी दोन इंजेक्शने अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झाली, पेगसेटाकोप्लान आणि अव्हासिनकॅप्टाड. गेलेली नजर ती परत आणत नाहीत आणि युरोपच्या औषध नियामकांनी पेगसेटाकोप्लानला नकारच दिला. चट्ट्याखाली दोन मिलिमीटरची प्रकाशसंवेदी चिप बसवून, खास चष्म्याच्या मदतीने काही रुग्णांना पुन्हा अक्षरे वाचता आल्याचे निष्कर्ष ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. आशा वाटावी असे ते आहेत, पण गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत यायला त्यांना वेळ आहे.

वय आणि जनुके बदलता येत नाहीत. आई-वडील किंवा भावंडांत हा आजार असेल तर पन्नाशीपासूनच पडद्याची तपासणी करत राहावी. बदलता येण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे विडी-सिगारेट. ओढणाऱ्यांत धोका दुप्पट ते चौपट असतो आणि सोडल्यावर वर्षागणिक तो उतरत जातो. रक्तदाब आटोक्यात ठेवणेही यात येते. आहाराबद्दल एक सुरेख योगायोग आहे. पीतबिंदूचा पिवळा रंग ज्या ल्युटीन आणि झियाझँथिनचा, ती शरीर स्वतः बनवत नाही. ती पालक, मेथी, शेवग्याचा पाला, मका आणि अंड्याचा पिवळा बलक यांतून येतात. डोळ्यातले पिवळे ताटातल्या हिरव्यातून येते. उलट मोबाइलच्या निळ्या प्रकाशाने हा आजार होतो याला पुरावा नाही, त्यावरचे महागडे चष्मे घेणाऱ्याच्या खिशालाच तेवढा फरक पडतो. डोळ्यांचे व्यायाम, डोळ्यात घातलेला मध किंवा कांद्याचा रस यांनीही पडद्यावर काही होत नाही, अशा रसांनी जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो. मोतीबिंदू सोबत असेल तर त्याची शस्त्रक्रिया जरूर करावी, पण आधी ओसीटी करून पडद्याचे काय ते जाणून घ्यावे. नाहीतर भिंग उत्तम बसते, नजरेचा मध्य तसाच धूसर राहतो आणि 'ऑपरेशन फसलं' असा बोल लागतो. भिंग फारच पिकले असेल तर ओसीटीलाही आतले नीट दिसत नाही, म्हणून ही तपासणी वेळेत व्हावी.

मधली नजर गेलेल्या काही माणसांना आणखी एक विलक्षण अनुभव येतो. समोरच्या खुर्चीत अनोळखी मुले बसलेली दिसतात, भिंतीवर जाळीची नक्षी उमटते, छोट्या माणसांची मिरवणूक जाते. सगळे स्पष्ट, रंगीत आणि अगदी नि:शब्द. जिनिव्हाच्या शार्ल बॉने या निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये आपल्या आजोबांना दिसणाऱ्या अशा दृश्यांची नोंद केली आणि त्याचेच नाव या अवस्थेला मिळाले. पडद्याकडून चित्रे येईनाशी झाली की मेंदू स्वतःची चित्रे काढतो. हे वेड नव्हे, बाहेरची बाधा नव्हे, विसराळूपणाची सुरुवातही नव्हे. माणसाला ही दृश्ये खरी नाहीत हे ठाऊक असते. पण घरचे काय म्हणतील या भीतीने तो बोलत नाही आणि एकटाच घाबरत राहतो. म्हणून नजर उतरलेल्या आजी-आजोबांना 'कधी काही भलतंच दिसतं का?' असे सहजपणे विचारणे हाही उपचाराचाच भाग आहे.

उरलेल्या नजरेने जगण्याचेही शास्त्र आहे. मधला डाग चुकवून कडेने पाहायला शिकवतात. चेहरा पाहायचा तर नजर कानावर किंवा कपाळावर ठेवायची. दिवा असलेले भिंग, अक्षरे मोठी करणारा कॅमेरा, मोबाइलमध्येच असलेली वाचून दाखवणारी सोय, आणि नोट कितीची हे बोलून सांगणारे रिझर्व्ह बँकेचे २०२० मध्ये आलेले 'मणी' ॲप यांनी पुष्कळ अडलेली कामे सुटतात. स्वस्त उपाय आणखीही आहेत. पांढऱ्या ताटलीतला पांढरा भात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटलीतला दिसतो. चहाचा कप आतून पांढरा असावा, दुधाचा पेला गडद. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारावी. वाचताना उजेड डोक्यावरून नव्हे, खांद्यामागून पानावर पडावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टी हा वेगळा प्रकार धरला आहे. दोन्ही डोळ्यांची नजर ठरलेल्या मर्यादेखाली गेली असेल तर सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून प्रमाणपत्र मिळते. तिथेही तक्त्यासमोर उभे करून आधी एक डोळा झाकायला सांगतात, मग दुसरा.